देऊळगावची खोली

अमडापूरच्या पिठाच्या गिरणीवर ती बातमी पहिल्यांदा उमटली, आणि तीही अगदी दबक्या आवाजात, म्हणजे गिरणीच्या पट्ट्यावरून पलीकडे ऐकू जाईल एवढ्याच: भगवंतराव आचाऱ्यानं देऊळगाव राजाच्या बाजूला एक बाई धरली आहे, आणि आता तिला खोली बांधून देतो आहे.

पुरावा भक्कम होता. जानराव दर पंधरा दिवसांनी लेकीकडे जालन्याला जातात, आणि एसटीत खिडकीची जागा मिळाल्याशिवाय बसत नाहीत. त्यांनी दोन शनिवारी भगवंतरावांची मोटारसायकल खडकपूर्णा धरणाच्या पाण्याजवळच्या एका घराच्या अंगणात उभी पाहिली. दुसऱ्या खेपेला तर भगवंतराव स्वतः हातात मोजपट्टी घेऊन घरामागून येताना दिसले, आणि मागून एक बाई चहाचा कप घेऊन. एसटी पुढे गेली म्हणून, नाहीतर जानरावांनी कपातला चहा दुधाचा की कोरा तेही सांगितलं असतं. दुसरा पुरावा पंजाबरावांच्या हार्डवेअरच्या दुकानातला: अर्धं पोतं सिमेंट, स्क्रू, एक दणकट कडी आणि स्टीलची दोन हात लांब दांडी. भगवंतरावांच्या घरी तर वीट इकडची तिकडे झाली नव्हती. आणि तिसरा पुरावा म्हणजे सदरा. जो माणूस चाळीस वर्षं बनियनवर भट्टीपुढे उभा राहिला, तो शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून कुठे जातो? गावानं इतक्यावर निकाल दिला. याहून कमी पुराव्यावर इथे सोयरिकी मोडल्या आहेत.

सोजराबाईंना ही बातमी शेवटी कळली. बायकोला शेवटीच कळते, तो रिवाजच आहे. सांगायला आल्या शेजारच्या गोजरबाई, वाटीभर साखर मागायचं निमित्त काढून.

"काय वं सोजरा, भगवंतराव नाही दिसत?"

"शनिवार हाये. गेले जागा पाहायले."

"हाव का." गोजरबाई वाटी हातात घेऊन उंबऱ्यातच बसल्या. "कुठली जागा माय?"

"उद्या पोरायले फिरायले नेऊन राह्यले ना."

"हाव का," गोजरबाई पुन्हा म्हणाल्या. मग पदरानं नाक पुसलं, एक सुस्कारा टाकला, आणि म्हणाल्या, "जाऊ दे माय. मले काय कराचं."

गोजरबाईंचं 'जाऊ दे' ज्यानं ऐकलं आहे त्याला ठाऊक आहे, की त्यानंतर काहीही जात नाही. पुढच्या अर्ध्या तासात एसटीची खिडकी, मोजपट्टी, चहाचा कप, सिमेंट, दांडी आणि सदरा, सगळं सोजराबाईंच्या ओसरीवर येऊन पडलं. साखर न्यायची मात्र गोजरबाई विसरल्या.

आता हे 'जागा पाहणं' काय, ते सांगितलं पाहिजे. भगवंतराव लग्नाचे आचारी. पंचक्रोशीत पाचशे पानांची पंगत म्हटली की भगवंतराव. आणि त्यांचा एक नेम होता: लग्नाच्या आदल्या दिवशी एकट्यानं जाऊन जागा पाहायची. भट्टी कुठे खणायची, वारा कुठून येतो, पाण्याची टाकी किती लांब, खरकटं कुठे जाईल. जागा पाहिल्याशिवाय हा माणूस यजमानाला वरणात फोडणी कशाची देणार तेही सांगायचा नाही. "चूल पाह्यल्याशिवाय तोंड उघडायचं नाही," हे त्यांचं शास्त्र. पुढे लग्नं हॉलमध्ये गेली, बुफे आले, पांढऱ्या टोप्या घातलेले केटरर आले, आणि भगवंतराव घरी बसले. घरी बसले म्हणजे घरच्यांच्या मागे लागले.

त्यांनी सहली काढल्या. महिन्याचा दुसरा रविवार, चुकायचा नाही. पोरांना ज्ञान झालं पाहिजे, घरानं एकत्र जेवलं पाहिजे, आपला जिल्हा पाहिला पाहिजे. बोलायला किती गोड! करायला जा म्हणजे कळतं. पहाटे साडेचारला भांड्यांचा खडखडाट. पाच माणसांसाठी साठ माणसांचं पातेलं, कारण लहान पातेल्यात त्यांचा हात बसत नाही. बागेत पोहोचल्यावर पोरांनी घसरगुंडीकडे धाव घेतली, की हे मधे उभे: "थांबा! पत्रा तापला हाये का पाहू दे." तळहात पत्र्यावर ठेवून तव्याचा अंदाज घ्यावा तसा अंदाज घ्यायचे. "अजून पाच मिनिटं." तोवर दुसऱ्यांची पोरं दहादा घसरून जायची. झाडाखाली सावली बघून सून बसली, की "अनुपमा, तिथं नको, दोन वाजता तिथं ऊन येते." बिचारी अकरा वाजता उन्हात बसायची, दोन वाजता येणाऱ्या सावलीची वाट पाहत.

मुलगा दीपक एकदा म्हणाला, "बाबा, आपण सहलीले चाललो का पंगतीले?"

"दोन्हीत फरक काय हाये बे?" भगवंतरावांनी मनापासून विचारलं.

दीपकनं व्हॅन सुरू केली.

सोजराबाई मात्र या छळातून सुटल्या होत्या. नऊ वर्षं त्या एकाही सहलीला गेल्या नव्हत्या. विचारलं की म्हणायच्या, "गुडघे दुखते." गुडघे दुखायचे हे खोटं नव्हतं. पण त्याच दुखऱ्या गुडघ्यांनी चालत त्या लेकीबाळींच्या लग्नांना गेल्याच होत्या. खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, सुनेलासुद्धा नाही.

नऊ वर्षांपूर्वी एका धरणावर गेले होते सगळे. सोजराबाईंना तेव्हा नुकतीच साखर निघाली होती. डॉक्टर म्हणाला पाणी पीत जा, आणि पाणी प्यायलं की तासाभरात जावं लागायचं. धरणावर सोय म्हणून काही नव्हती. बाप्ये कुठेही उभे राहतात, त्यांचं काय. सोजराबाईंनी दुपारपर्यंत दम धरला, मग उठल्या आणि रस्त्यापलीकडच्या तुरीच्या वावरात शिरल्या. अलीकडून तूर उंच होती, दाट होती. पलीकडून ती सोंगून, म्हणजे कापून झालेली होती, हे त्यांना बसल्यावर कळलं. पलीकडच्या वाटेनं वरातीचा टेम्पो चालला होता, बँडवाल्यांसकट. कोणीतरी पिपाणी वाजवली. बाकीचे हसले.

सोजराबाई परत आल्या, गाडीत बसल्या आणि घर येईपर्यंत उतरल्या नाहीत. पुढच्या सहलीच्या वेळी पहिल्यांदा त्यांचे गुडघे दुखले.

तेव्हापासून कुठे परगावी जायचंच झालं, तर आदल्या रात्रीपासून त्या पाण्याला शिवायच्या नाहीत. नऊ वर्षं चाललेलं हे व्रत. उद्यापन नाही, प्रसाद नाही.

आणि आता हे. गोजरबाई गेल्यावर सोजराबाई चुलीपुढे बसून राहिल्या. छत्तीस वर्षांचा संसार. या माणसाचे घामट बनियन धुतले, पायाला भाजलं तर कोरफड बांधली, लग्नसराईत दोन-दोन महिने तोंड दिसलं नाही तरी तक्रार केली नाही. आणि म्हातारपणी हा कोणाला खोली बांधतो? तेही स्टीलची दांडी लावून? दांडी कशाला? साड्या वाळत घालायला? राग कोणत्या गोष्टीचा जास्त येतो आहे, बाईचा की दांडीचा, तेच त्यांना ठरवता येईना.

संध्याकाळी भगवंतराव आले. सदऱ्याच्या बाहीला सिमेंट लागलेलं.

"पाह्यली का जागा?" सोजराबाईंनी विचारलं.

"पाह्यली."

"चांगली हाये?"

"चांगली हाये."

"कोणाची हाये?"

भगवंतराव पाय धुता धुता थांबले. "आँ?"

"जागा. कोणाची हाये म्हणतो."

"एका बाईची हाये," भगवंतराव म्हणाले, आणि पुन्हा पाय धुऊ लागले.

म्हणजे लपवतही नाही! सोजराबाईंच्या हातातलं लाटणं पोळपाटावर जरा जोरातच पडलं. "उद्या मी बी येतो."

आता खरं तर आश्चर्याने भगवंतरावांच्या हातातला तांब्या पडायला हवा होता. पण ते नुसतं "बरं" म्हणाले, आणि खोलीत जाऊन पिशवी भरू लागले. यानं तर त्या अजूनच भडकल्या. नऊ वर्षांनी बायको येते म्हणते, आणि "बरं"?

या खेपेच्या सहलीला कारण होती नात अर्पिता. तिच्या वर्गातली डिंपल कोकणात जाऊन आली होती आणि शिंपल्यांची पिशवी दाखवत फिरत होती. अर्पितानं घरी येऊन भोकाड पसरलं: मला बीच पाहिजे. धाकटा प्रेम, सहा वर्षांचा, त्याला बीच म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण ताई रडते म्हणजे ते असलं पाहिजे म्हणून तोही रडला. भगवंतराव म्हणाले, "त्यात काय! खडकपूर्णेचं पाणी काय कमी हाये? पलीकडचा काठ दिसत नाही. सकाळी सिंदखेडराजा, जिजाऊचं जन्मस्थळ, म्हणजे ज्ञान. दुपारी पाण्यावर, म्हणजे बीच."

रविवारी पहाटे व्हॅनमध्ये माणसांआधी दोन पोती चढली.

"हे काय?" दीपकनं विचारलं.

"रेती. घर बांधलं तवाची उरली होती."

"रेती कायले?"

"तिथं काठाले चिखल हाये. मी पाह्यलं ना. पोरं किल्ला कायचा करतील?"

दीपकनं कपाळाला हात लावला. "बीचवर रेती घेऊन जाणारा माणूस दुनियेत एकच असंल बाबा."

मागच्या सीटवर सोजराबाई पातेलं आणि रेती यांच्यामध्ये बसल्या. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नव्हता. अनुपमानं बाटली पुढे केली तर मान फिरवली. भगवंतरावांनी ते आरशातून पाहिलं.

चिखली गेली, देऊळगाव मही गेलं. रस्त्याच्या डाव्या हाताला पाण्याची निळी पट्टी दिसायला लागली, आणि तिच्या अलीकडे एक घर, अंगणात कडुनिंब, पारिजातक, दोन पाळणे आणि 'चहा मिळेल' अशी पाटी. अंगणात एक बाई झाडत होती. व्हॅन दिसली तशी तिनं खराटा उंच करून हलवला. भगवंतरावांनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला.

"कोण वं ते?" सोजराबाईंनी कोणालाही न विचारल्यासारखं विचारलं.

"तेच. जागेवाली," भगवंतराव म्हणाले. "येताना थांबायचं हाये तिथं."

सोजराबाईंनी वळून मागच्या काचेतून पाहिलं. चाळिशीच्या आतली. उंच. रविवारी सकाळी वेणी घातलेली.

सिंदखेडराजाला भगवंतरावांनी पोरांना इतिहास सांगितला, म्हणजे सगळा सांगितला. लखुजी जाधवांच्या घरी धुळवडीला किती माणसं जेवली असतील, त्यांना किती मण डाळ लागली असेल, आणि एवढ्यांचं पाणी कोणत्या विहिरीतून आलं असेल, याचा हिशेब त्यांनी बोटांवर मांडला. अर्पिता वहीत लिहून घेत होती, "डाळ, अडीच मण". प्रेमनं तीनदा विचारलं की बीच कधी येणार. सोजराबाईंनी एका दगडावर बसून इतिहासाकडे पाठ केली आणि घशाला पडलेली कोरड गिळत त्या खराट्याचा विचार केला. हात हलवला तर हलवला. खराटा कशाला उंच करायचा?

साडेअकराला परत निघाले. बाराला ते घर आलं. व्हॅन अंगणात शिरली तशी ती बाई पदराला हात पुसत पुढे आली.

"आलात का काका! मी सकाळपासून वाट बघायले." बोलणं देऊळगावकडचं, जरा लांबवून. मग ती थेट सोजराबाईंच्या दाराशी आली. "आन् ह्या काकू ना? या, या. मी पुष्पांजली. काकांनी लई सांगितलं तुमचं."

"काय सांगितलं?" सोजराबाई खाली उतरल्या. काका म्हणते. असूदे. सुरुवात सगळ्यांची काकापासूनच होते.

"हेच, गुडघ्याचं. चला काकू, आधी खोली दाखवते तुम्हाला."

दीपक आणि अनुपमानं एकमेकांकडे पाहिलं. गावची बातमी त्यांच्याही कानावर होतीच, फक्त घरात कोणी काढली नव्हती. भगवंतराव खाली बसून गोवऱ्या रचायला लागले होते, जणू खोली या शब्दाचा त्यांच्याशी संबंध नव्हता.

"मले दाखवतेस?" सोजराबाईंचा आवाज चढला. "माह्या नवऱ्यानं बांधलेली खोली मले दाखवतेस? लाज नाही वाटत? अन् तुम्ही, काय गोवऱ्या रचून राह्यले तिथं! तोंड वर करा ना! साऱ्या अमडापुरात बोंब झाली. जानराव खिडकीतून पाहून राह्यला, पंजाबराव दुकानातून सांगून राह्यला, अन् मी? मी घरी तुमचा सदरा इस्त्री करून राह्यली!"

पुष्पांजली गोंधळून भगवंतरावांकडे पाहू लागली. "काका, तुम्ही काकूंना सांगितलं नव्हतं?"

भगवंतरावांनी गोवरीवर गोवरी ठेवली. "जागा नीट झाल्याशिवाय काय सांगाचं," ते पुटपुटले. "काल दुपारी तर सिमेंट वाळलं."

"आजी," अर्पिता म्हणाली, "ओरडू नको ना, लोक बघतात."

"पाहू दे! कुठं हाये ती खोली? दाखव. आज आलीच हाये तर पाहूनच जातो."

पुष्पांजलीनं कमरेची किल्ली काढून दिली. सोजराबाई गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पाऊल दाबत घरामागे गेल्या. मागोमाग कोणी गेलं नाही. कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग दार उघडल्याचा. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला, दणकट कडीचा.

पुष्पांजलीनं अनुपमाला हळूच सांगितलं, "सासूसाठी बांधली होती आम्ही. सासू गेली, तसं कुलूपच होतं. सहलीवाल्यांना द्यायची नाही मी, घाण करून ठेवतात. काका पहिल्यांदा आले तेव्हा मी नाहीच म्हणले होते. तर दुसऱ्या शनिवारी घरून पुरणपोळ्या करून घेऊन आले. मग दांडीचं माप घ्यायला. मग दांडी बसवायला."

"स्वतः?" अनुपमानं विचारलं.

"गवंडी लावा म्हणलं तर ऐकतील तर ना! चार खेपा तिथं उठून-बसून बघायले. मला हसू येईना आन् रडू येईना."

भगवंतराव वाऱ्याकडे पाठ करून फुंकर मारत होते. धूर सगळा अनुपमाच्या तोंडावर चालला होता.

कडी उघडली. सोजराबाई घरामागून आल्या. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, आणि त्या कोणाच्याच तोंडाकडे पाहत नव्हत्या. व्हॅनपाशी गेल्या, अनुपमाच्या हातातली बाटली ओढून घेतली आणि उभ्यानं अर्धी रिकामी केली. मग उरलेली अर्धी.

"दांडी एक वीत खाली बसवली," त्या भगवंतरावांना म्हणाल्या.

"नाही. बरोबर हाये. तू पाटावरून उठते तवा भिताडाले जिथं हात लावते, तिथून मापली मी."

"मी पाटावरून उठतो, कमोडावरून नाही उठत! एवढंही कळत नाही? चाळीस वर्षं पंगती वाढल्या अन् उंचीचा अंदाज नाही. अन् मले सांगायले काय झालं होतं? जीभ झडली असती? तिकडं गोजरबाई माह्या दारात बसून मले रडवून गेली, अन् तुम्ही इकडं सिमेंट कालवत बसले!"

"चूल पाह्यल्याशिवाय..."

"चूल घाला चुलीत!"

"आबा, बीच!" प्रेम म्हणाला.

मग दीपकनं दोन पोती रेती चिखलाच्या काठावर ओतली, पोरांनी किल्ला केला, तीन म्हशींनी तो तुडवला, गोवऱ्यांत भाजलेले रोडगे थोडे करपले आणि वांग्याच्या भाजीला मीठ कमी पडलं. सोजराबाईंनी प्रत्येक गोष्टीला नावं ठेवली. जेवताना त्यांनी दोन तांबे पाणी मागून घेतलं, आणि तिसऱ्या वेळी पुष्पांजलीकडे किल्ली मागितली नाही, कारण ती त्यांच्याच कमरेला होती.

देऊळगाव राजाच्या अंगाला भगवंतरावांची कोणी बाई नव्हती. ती खोली म्हणजे संडास होता. भगवंतरावांनी त्याला आतून कडी आणि भिंतीला दांडी बसवली, कारण परगावी जायचं असलं की सोजराबाई पाणी पीत नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं.